दाराबाहेर चपला नव्हत्या

नीळकंठ उंबरकरांनी आपलं कार्ड स्वतःच लिहिलं होतं, त्यामुळे त्यात कुणाचा मत्सर आडवा आला नव्हता. ‘विदर्भातला सर्वांत तीक्ष्ण मेंदू. गूढ, गुप्त व गंभीर प्रकरणांचा छडा. लग्नाआधीच्या चौकश्याही केल्या जातील.’ अकरा वर्षांत गूढ, गुप्त आणि गंभीर असं एकही प्रकरण दिग्रसला आलं नाही. आल्या त्या चौकश्या. त्यातल्या दोन त्यांनी भलत्याच मुलाच्या केल्या आणि एक, मुलाच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेल्यावर पुरी केली.

धावजी राठोड हे सगळं जवळून पाहत आले होते. एसटीत तीस वर्षं कंडक्टर असलेला हा माणूस निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून नीळकंठरावांचा सहायक झाला. रोज सकाळच्या चहाबरोबर त्यांना या निर्णयाचा पश्चात्ताप होई.

या वेळची चौकशी शोभाताईंची होती. त्यांच्या लेकीचं, ऋचाचं, पियूषशी लग्न जमलं होतं. पियूष इथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवायचा. मुलगा सगळ्यांना आवडला होता, ऋचाला तर जरा जास्तच. पण रोज संध्याकाळी पाच ते सात त्याचा फोन बंद! विचारलं की म्हणायचा, मीटिंग होती.

“चित्रकलेच्या मास्तरले रोज कायची मीटिंग?” शोभाताई म्हणाल्या. “काही लफडं असंल तर आत्ताच सांगा. सोयरीक मोडून टाकू.”

पियूष रोज बाजारामागच्या एका गोदामावरच्या खोलीत जातो, एवढं धावजींनी पहिल्याच दिवशी शोधलं. मग दोघं समोरच्या टपरीवर ठाण मांडून बसले. नीळकंठरावांचा पहिला तर्क जुगाराचा. तो तीन दिवस टिकला. दुसरा तर्क गुप्तधनाचा.

“वरच्या मजल्यावर खोदाचं काय भाऊ?” धावजींनी विचारलं, तेव्हा तोही गेला.

सहाव्या दिवशी नीळकंठराव जिना चढून दाराशी जाऊन आले.

“धावजी, आत गर्दी आहे आणि दाराबाहेर एक चप्पल नाही! या गावात माणूस मोबाइलच्या दुकानातसुद्धा चपला काढून शिरतो. जो चपला लपवतो, तो काहीही लपवेल!”

हा तर्क अगदी बरोबर होता, आणि तिथेच घात झाला. एकदा बरोबर आलेल्या नीळकंठरावांना आवरणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. त्यांनी फटीतून आणखी पाहिलं होतं. पियूषच्या अंगावर ॲप्रन, एका हातात भलामोठा लाकडी कंपास, दुसऱ्या हातात गुण्या. दारावर तीन टकटक झाल्याशिवाय दार उघडत नाही. आणि आतून त्याचा घुमणारा आवाज: “डोळे मिटा. मनात देऊळ उभं करा. दोन बाजूंना दोन खांब!”

नीळकंठरावांनी हे सगळं फोनमध्ये घातलं आणि फोनने उत्तर दिलं: फ्रीमेसन नावाची गुप्त संघटना.

धावजींनी चष्मा लावून वाचलं. बरोब्बर तीनशे आठ वर्षांपूर्वी, चोवीस जूनला, लंडनच्या एका गुत्त्यात चार मंडळं जमली आणि त्यांनी वर एक महामंडळ काढलं. मूळ म्हणे पाथरवटांच्या संघटनेतलं, म्हणून कंपास आणि गुण्या हीच त्यांची खूण. पुढे पाथरवट मागे पडले आणि जन्मात दगड न उचललेले साहेबलोक ॲप्रन बांधून एकमेकांचे हात विचित्र दाबत बसले.

“एवढंच?” धावजी म्हणाले. “आपल्याकडं निवडणूक आली का असे हप्त्याले दोन निघते. अन् गुप्त हाये त फोनवर कसं आलं?”

“तेच त्यांचं कसब!”

“बरं. पण हे पोट्टे कोण हायेत? दप्तरं घेऊन एकेक करून वर चढून राह्यले. सोळा मोजले मी.”

“धावजी, मुलांमुळे विचलित होऊ नका. आपण माणसं शोधतो आहोत.”

तेवीस तारखेला त्यांनी शोभाताईंसमोर अहवाल वाचला. शोभाताईंनी एकच प्रश्न विचारला.

“दारू पिते का हे लोक?”

“संस्था स्थापनच गुत्त्यात झाली.”

“बस. मोडली सोयरीक.”

ऋचा चहा घेऊन दारातच थांबली होती. तिचे डोळे भरून आले. सोळा पोरं मोजलेल्या धावजींना गप्प बसवेना. ते म्हणाले, “ताई, मले वाटते—”

ऋचाने त्यांच्याकडे पाहून हळूच मान हलवली. नको. धावजींना उमगलं. पोरीला सगळं माहीत होतं आणि तिने कुणाला तरी शब्द दिला होता.

“मोडाच्या आधी एकडाव आपल्या डोयानं पाहून घ्या,” ते एवढंच म्हणाले.

“उत्तम!” नीळकंठराव उठलेच. “उद्या चोवीस जून. वर्धापनदिन! सगळे झाडून हजर असतील.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला चौघं जिना चढले. नीळकंठरावांनी तीनदा टकटक केली. दार उघडलं. आत सतरंजीवर सोळा मुलं, सोळा ॲप्रन, सोळा कंपासपेट्या. भिंतीशी चपलांची ओळ. मुलं डोळे मिटून स्मरणचित्रासाठी देऊळ आठवत होती.

“इतक्या लहान वयात दीक्षा!” नीळकंठराव पुटपुटले. “केवढी दूरदृष्टी!”

“अहो कायची दीक्षा? ड्रॉइंगच्या परीक्षेची ट्युशन हाये हे!” शोभाताई म्हणाल्या. त्यांना उंबरठा ओलांडायचीही गरज पडली नव्हती.

पियूष पांढराफटक पडला होता. “काकू, शाळेतल्या मास्तरांना ट्युशनची मनाई आहे. बाहेर कळलं तर नोकरी जाईल. म्हणून चपलासुद्धा आत.”

शोभाताई ऋचाकडे वळल्या. “तुले माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी सांगतलं त्याईनं. कोणाले सांगू नको म्हणाले.”

“अवं, मी सोयरीक मोडून राह्यली होती! तरी बोलली नाही?”

“शब्द देला होता ना, आई.”

 शोभाताईंनी लेकीचा हात धरला आणि स्टुलावर बसल्या. धावजींना लंडनचे ते साहेब आठवले. त्यांची तीनशे वर्षांची गुपितं टपरीवर एका चहात वाचून झाली होती, आणि या पोरीने आपलं लग्न पणाला लावून तोंड उघडलं नव्हतं. अकरा वर्षांत नीळकंठरावांच्या एखाद्या प्रकरणात धावजींना कुणाचा अभिमान वाटला तो हा पहिल्यांदाच.

“जुलैतलीच तारीख पाहू,” शोभाताई पियूषला म्हणाल्या.

नीळकंठरावांना मात्र हरल्याचं सोसेना. “प्रकरण संपलेलं नाही!” ते गरजले. “हा सरळसरळ नियमभंग आहे. मी आत्ता, या क्षणी शिक्षण खात्यातल्या साहेबांना अहवाल देणार!”

पियूषच्या हातातला गुण्या खाली पडला. ऋचाने आईचा हात घट्ट आवळला. 

तिसऱ्या ओळीतल्या एका मुलीने ब्रश पाण्यात बुडवला.

“अंकल, पप्पा ऑफिसात नाही भेटनार,” ती म्हणाली. “ते खाली गाडीत बसून हायेत. मले घ्याले आले. बोलावू का वर?”

नीळकंठरावांनी खिडकीतून खालची सरकारी पाटीची गाडी पाहिली. मग पुन्हा मुलीकडे पाहिलं. अकरा वर्षांची शुद्ध भाषा त्यांना तिथल्या तिथे सोडून गेली.

“राहू दे वो माय,” ते म्हणाले. “कायले त्रास देतं त्याईले.”