बोगद्याचं तोंड बोगद्यातच

सासूबाईंच्या फोनवर गोल चक्र फिरत होतं आणि सुनेच्या कपाळावर एकेक आठी चढत होती. परदेशी असलेल्या नणंदेला पहाटे मुलगी झाली होती. बाळाला तपासणीसाठी न्यायच्या आत ती व्हिडिओवर दाखवणार होती, आणि नेमका तेव्हाच फोन लागेना.

"आई, काय दाबलंत?"

"काही नाही गं. चष्मासुद्धा आत्ता लावला."

"मग काय आपोआप बंद पडलं? सकाळपर्यंत छान चालत होतं. तुम्हाला ना, दिसेल ते दाबायची सवयच आहे."

सासूबाईंनी फोन पुढे केला.

सून व्हीपीएनचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत होती. फोनमधून जाणारं सगळं एका बोगद्यातून, कुणाला न दिसता न्यायचं, हे त्या ॲपचं काम. बोगद्यातलं शेवटी बाहेर कुठून सोडायचं, वायफायवरून की सिमकार्डावरून, हे फोनला विचारून ठरवण्याचा भाग तिने एकटीने लिहिला होता. तो तिच्या स्वतःच्या फोनात होताच; जुन्या फोनवर चालतंय का बघू, म्हणून सासूबाईंच्या फोनातही तिनेच घातला होता. पण स्वतःच्या कामावर शंका घ्यायची? छे!

तिने राउटर बंद करून पुन्हा लावला. मघापर्यंत धडधाकट असलेला तिचा स्वतःचा फोनही मान टाकून बसला.

"बघा, माझाही गेला! लाइनच खराब आहे."

मघाचं बोलणं मागे घ्यायचं मात्र राहून गेलं. तिने इंटरनेटवाल्याला बोलावलं आणि तो दारात येताच फैलावर घेतलं. त्याने आपला फोन त्याच वायफायला जोडला. गाणं खणखणीत वाजू लागलं.

"लाइन झकास आहे, ताई."

"तुमच्या गाण्याचं कौतुक मला सांगू नका! बाळ तिकडे ताटकळलंय!"

"बाळ?" म्हणत तो बिचारा गाणं बंद करून चालता झाला.

एवढ्यात नणंदेचा साधा मेसेज आला. नर्स न्यायला आलीये, कुठे आहात तुम्ही?

"राहू दे गं," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "नंतर बघू. बाळ काय पळून जातंय?" पण आवाज कापला.

तो आवाज ऐकून सुनेने पहिल्यांदा स्वतःचं ॲप उघडलं. 'बाहेरचा मुख्य रस्ता' यापुढे बोगद्याचंच नाव होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वायफाय क्षणभर जाऊन आलं, की ॲप पुन्हा विचारायचं, मुख्य रस्ता कुठला? बोगदा चालूच असल्यामुळे फोन सांगायचा, हा काय, तूच! मग बोगद्यातलं पुन्हा बोगद्यातच. फोन खरंच बोलत होता. ॲपने स्वतःला वगळून विचारायला हवं होतं. आणि घरात दोष शोधताना हिने मात्र स्वतःला नेमकं वगळलं होतं.

"माझंच ॲप," असं पुटपुटत तिने व्हीपीएन बंद केलं. फोन लागला. दुपट्यात गुंडाळलेलं लालबुंद तोंड जांभई देत समोर आलं, आणि सासूबाई हसता हसता रडू लागल्या.

"आई, होतीस कुठे इतका वेळ?" नणंद फणकारली. "नर्सच्या हातापाया पडून थांबवलंय तिला!"

सून पुढे झाली. "अगं, ते खरं म्हणजे माझ्या..."

"माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं बाई," सासूबाई मध्येच म्हणाल्या. मग फोनवर तळवा ठेवून पुटपुटल्या, "गप्प बस. तुझं एवढं नाव आहे त्या कामात. माझं काय जातंय?"

"कमाल करतेस आई!" तळव्याखालून आवाज आला. "वहिनी आहे म्हणून लागला तरी. यापुढे तिला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, कळलं?"

"कळलं," तळवा काढत सासूबाई म्हणाल्या.

सुनेला वर बघवेना. बाळ मात्र तिच्याकडेच टक लावून बघत होतं.