सासऱ्यांच्या घेवड्यातली खाण

दगड ओळखण्यात कासिगाऊच्या डोंगराखाली माझा हात कुणी धरू शकणार नाही, असं मी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं. सांगणं भागच होतं. मला त्यांच्या हिरव्या गार्नेट रत्नांच्या खाणीत भागीदार व्हायचं होतं, आणि ते मला खाणीच्या तोंडाशीही उभं करत नव्हते.

"वर्गात बसून दगड कळतात होय, जावईबापू?"

"रंगावर जाऊ नका, बाबा. रंग फसवतो. कठीण किती, रेघ कसली उठते, चमक कशी, फुटतो कसा, हे बघायचं."

"मग दाखवा काहीतरी शोधून. पटलं तर घेतो खाणीत."

झालं, मी पेटलो. माझी बायको वाकेशो बाळंतपणाला माहेरी आलेली, त्यामुळे माझाही मुक्काम तिथेच. गारगोटीने काच ओरखडते हे सिद्ध करायला मी सासऱ्यांच्याच पिकअपची काच घेतली. ओरखडा फार सुरेख उठला. सासरे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

पण मी हटणारा नव्हे. दुसऱ्या सकाळी घरामागच्या घेवड्यात मला पांढरे खडे सापडले. नखाने ओरखडा पडतो. फरशीच्या खरखरीत बाजूवर पांढरी रेघ. वर लिंबू पिळलं, फेस नाही, म्हणजे चुनखडी नव्हे. जिभेला लावला तर चिकटून बसला.

"चिनी माती, बाबा! कपबशांची. तुम्ही डोंगर पोखरताय आणि माल इथे घेवड्याखाली."

सासऱ्यांनीही नख मारलं, जीभ लावली. "चिकटतोय खरा," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात फावडं दिलं.

"राहू दे ना रे," वाकेशो दारातून म्हणाली. "घेवडा शेंगांवर आलाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. हे वाक्य मी आता जन्मात उच्चारणार नाही.

घेवडा गेला, भोपळ्याचा वेल गेला, सासूबाईंची केळ आडवी झाली. खाली नुसती तांबडी माती. "साठा खोलवर असणार," मी म्हणायचो आणि पुन्हा खणायला लागायचो. वरून माझं डोकंही दिसेनासं झालं, तेव्हा सासूबाई जेवणाची, किमांग्याच्या घट्ट गरगट्याची ताटली काठावर आदळून जायला लागल्या.

इकडे सासऱ्यांनी वोई शहरातून व्यापारी बोलावला. तो आला, चहा प्यायला, म्हणाला, नमुना दाखवा. फळीवर वाटीखाली ठेवलेला नमुना गायब!

"शेजाऱ्याचंच काम हे," म्हणत सासऱ्यांनी काठी उचलली.

"बाबा, थांबा," वाकेशो म्हणाली. तिचे ओठ पांढरे झाले होते.

"नमुना कुठाय?"

"खाल्ला."

आमच्याकडे पोटुशी बायका बाजारातून हे मातीचे खडे आणून चघळतात, त्यात नवल नाही. पण दवाखान्यातल्या नर्सबाईंनी हिला बंदी घातली होती आणि हिने आईसमोर शपथ घेतली होती. त्यामुळे सासूबाईंची चाहूल लागली की हातातला खडा खिडकीतून थेट घेवड्यात.

"मग मला खणू का दिलंस?" मी विचारलं.

"आई ओरडली असती. तू खणत होतास त्याचा मला काही त्रास नव्हता."

व्यापारी हसत हसत गेला. सासरे मात्र खड्ड्याच्या काठावर उभे राहून बराच वेळ आत बघत होते. मला वाटलं, आता गाशा गुंडाळायचा.

"एकट्याने खणलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कडा सरळ आहेत. कुठे ढासळलं नाही. उद्यापासून खाणीत या."

माझा ऊर भरून आला. "भागीदार म्हणून, बाबा?"

"फावडं घेऊन."