मच्छिंद्रचा नेम

"चीट डे म्हंजी काय रं?" राहीबाईंनी लेकाला विचारलं आणि मच्छिंद्र तिथंच अडकला.

डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, पुढच्या तपासणीपर्यंत साखर उतरली नाही तर इन्सुलिन सुरू. सुईचं नुसतं नाव निघालं तरी हा गृहस्थ खोलीबाहेर पळायचा. म्हणून त्यानं नवा आहार मुकाट मान्य केला. सहा दिवस भाकरी-पालेभाजी, रविवारी 'चीट डे', म्हणजे आवडीचं खायची मोकळीक. पण पाथर्डीहून सावेडीच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या आईला हे कसं समजवायचं?

"सहा दिवस पाळायचं, रविवारी सोडायचं," तो म्हणाला.

"मंग नेम धरलास म्हन की!" राहीबाईंनी हातच जोडले. "आन् कुनाला बोलला बी न्हाईस? लई गुनाचं लेकरू माझं!"

ती कसर त्यांनी स्वतः साऱ्या बिल्डिंगला सांगून भरून काढली. रविवारी दार उघडलं तर जिन्यात ताटं घेतलेल्या बायका! नेम सोडणाऱ्याला आपल्या हातचं खाऊ घालायचं म्हणून कुणी पुरणपोळी आणलेली, कुणी शिरा. वरच्या मजल्यावरच्या आजी तर त्याच्या पाया पडायला वाकल्या. मच्छिंद्रनं खुलासा करायला तोंड उघडलं.

"अहो, आता खरं सांगू नका," बायको पुष्पावती कुजबुजली. "मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

खरा हादरा सोमवारी बसला. ऊसतोडीला निघताना आगाऊ पैशांची उचल घ्यावी, तशी मच्छिंद्र रविवारची उचल सोमवारपासूनच घ्यायचा, ऑफिससमोरच्या वैजनाथच्या भजीच्या गाडीवर. घरी कुणाला पत्ता नव्हता.

"साहेब, भजी न्हाई मिळायची," वैजनाथ झारा मागे घेत म्हणाला. "तुमचा नेम हाय न्हवं? आजीबाई तुमचा डबा द्यायला आल्या तवा समद्यांना सांगून गेल्या."

"अरे, बटाटा उपासालासुद्धा चालतो!"

"बटाटा चालतो, बेसन न्हाई चालत. मला पाप नका लावू."

चहावाल्यानं न सांगता बिनसाखरेचा चहा दिला. ऑफिसात वाढदिवसाचा केक त्याच्या टेबलाला वळसा घालून अदबीनं पुढे गेला. रविवारचं खाणं तर त्यानं धसक्यानंच कमी केलं, कारण दार उघडायचीच भीती वाटायची.

तपासणीत साखर उतरली. "बघा!" डॉक्टर खूश झाले. "एक दिवस मोकळा ठेवला की माणूस बाकीचे सहा नीट पाळतो!"

मच्छिंद्र उड्या मारतच घरी आला. "आई, साखर उतरली! रविवारी मटण!"

राहीबाईंचा चेहरा पडला. "रविवारी? आता रविवारी कसं खाशील बाबा? म्या मोहट्याच्या देवीला नवस बोलले व्हते. माझ्या लेकराची साकर उतरू दे, त्यो रविवारी बी नेम पाळील."

"मग सोडायचं कधी?" मच्छिंद्रनं विचारलं.

"आरं, येवढी पावली देवी! आता कशाला सोडायचं?"

मच्छिंद्र मटकन खाली बसला.

"पुष्पे," अखेर त्यानं विचारलं, "ती सुई फार दुखते का गं?"