फोन कोणाचा होता?

जगन्नाथरावांना पोलिसांनी ताकीद देऊन सोडलं. ही घटना बदनापूरहून जालन्याकडे येताना, एका साध्या मंगळवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर घडली. त्यात गैर असं काही नव्हतं. गाडी जोरात होती, पोलिसांच्या यंत्रानं तसं दाखवलं, हवालदारानं हात केला आणि जगन्नाथरावांनी गाडी बाजूला घेतली. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. पुढे मात्र रीत सुटली, आणि एका सज्जन माणसाच्या लेकीचं जमलेलं लग्न त्यापायी मोडायला आलं.

रीत सर्वांना ठाऊक आहे. पोलिसानं हात केला, की काच खाली करण्याआधी खिशातून मोबाइल काढायचा आणि आपल्या माणसाला लावायचा. मग 'हे घ्या, बोला' म्हणत तो खिडकीतून बाहेर द्यायचा. पोलिसानं तो कानाला लावून जरा बाजूला जायचं, 'हो साहेब, बरं साहेब' म्हणायचं आणि मोबाइल पुसून परत द्यायचा. यात लायसन दाखवायचीही एक पायरी आहे असं म्हणतात, पण ती पाहिलेला माणूस जिल्ह्यात सहजी भेटत नाही.

त्या दिवशी जगन्नाथरावांना मोबाइल काढायला सवडच मिळाली नाही, कारण हवालदारानं पहिलाच प्रश्न भलता विचारला. हवालदाराचं नाव संघपाल, छातीवरच्या पट्टीवर तसं लिहिलं होतं. त्यांनी मागे बोट दाखवलं.

"साहेब, ती गवताचा भारा घेतलेली म्हातारी रस्ता ओलांडू राह्यलीती. दिसली का तुम्हाला?"

जगन्नाथरावांनी आरशात पाहिलं. लांब दुभाजकाजवळ एक भारा उभा होता आणि त्याखाली एक बाई होती.

"न्हाई दिसली," ते म्हणाले.

"तिला तुम्ही दिसले म्हणून बरं झालं. चूक झाली का न्हाई?"

"झाली."

हवालदारांनी पावतीपुस्तक मिटलं. हे उत्तर त्यांना नोकरीत फारसं मिळालं नसावं. "मंग आज ताकीद देऊन सोडतो," ते म्हणाले. "गिरिजाबाई हाये ती. रोज याच टायमाला हितून जाते. सावकाश जात जा."

जालना येईपर्यंत जगन्नाथरावांनी गाडी सावकाशच चालवली. आपल्या हातून आज एक माणूस जाणार होतं, हे त्यांना कोणाला तरी सांगायचं होतं.

शरयूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. "अगं, आज पोलिसांनी धरलं," जगन्नाथराव म्हणाले. "एक म्हातारी रस्ता..."

"भाऊला फोन केलता का?"

"न्हाई."

"मंग कोणाला केलता?"

"कोणालाच न्हाई. त्यानं ताकीद दिली अन् सोडलं."

शरयूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "अहो, मला सांगायचं नसेल तर नका सांगू," त्या म्हणाल्या. "पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं येड्यात तरी काढू नका."

हा भाऊ म्हणजे शरयूबाईंचे थोरले बंधू हरिओमराव. प्रत्येक बऱ्या घराचा जसा एक डॉक्टर असतो आणि एक शिंपी असतो, तसा एक फोन करणाराही असतो. या घरात ते पद हरिओमरावांकडे होतं. ते नक्की काय करतात हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती, पण त्यांचे एक साहेब मुंबईत होते. दवाखान्यात खाट, शाळेत प्रवेश, रेल्वेत जागा, काहीही अडलं की हरिओमराव अंगणात जाऊन साहेबांना फोन लावत आणि येरझाऱ्या घालत बोलत. काम झालं तर फोनमुळे झालं. नाही झालं, तर फोन केला नसता तर याहून वाईट झालं असतं.

स्वराचं लग्नही त्यांनीच जमवलं होतं. मुलगा जाफराबादचा, प्रितम नावाचा, पोरगा गुणी होता आणि दोघांचं आधीच एकमेकांशी बरं जुळलं होतं. त्याचे वडील शिवाजीराव खताबियाण्याचं दुकान चालवत. बैठकीत त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, की आम्हाला देणंघेणं नको, मानपान नको, फक्त पाठीशी एक माणूस पाहिजे. तेव्हा सगळ्यांनी हरिओमरावांकडे पाहिलं आणि हरिओमरावांनी नम्रपणे जमिनीकडे पाहिलं. सुपारी फुटली ती त्या नजरेवर.

दुसऱ्या दिवशी हरिओमराव आले. चहाला हात लावला नाही.

"दाजी, माझं काय चुकलं ते सांगा," ते म्हणाले.

"तुमचं काय चुकणार, हरिओमभाऊ? त्याचं असं झालं, एक म्हातारी..."

"ती म्हातारी जाऊ द्या. फोन कोणाचा होता?"

"फोनच नव्हता."

"बिगर फोनचं कोणी सुटतं का?" हरिओमरावांनी चहाचा कप लांब सारला. "दुसरा माणूस धरला असंल तर तोंडावर सांगा. लोकं मला विचारून राह्यले, की तुमचे दाजी तुमच्याकडून काढून कोणाकडं गेले? मी काय सांगावं?"

जगन्नाथरावांनी दोनतीनदा खरं सांगितलं. प्रत्येक वेळी त्यावरचा अविश्वास वाढला. ऑफिसात तर याच्या बरोबर उलट झालं. खरा वजनदार माणूस पाठीराख्याचं नाव फोडत नाही, असं, ते ज्या पतसंस्थेत नोकरीला होते तिच्या व्यवस्थापकांचं मत होतं. त्यांनी जगन्नाथरावांना पंख्याखालची जागा दिली आणि स्वतःच्या पुतण्याची बदली मंठ्याहून जालन्याला होते का, ते 'वरती' बघायला सांगितलं. जगन्नाथराव म्हणाले, माझी वरती कोणाशी ओळख नाही. व्यवस्थापक हसले आणि त्यांच्यासाठी दुसरा चहा मागवला.

गावभर फिरून बातमी जाफराबादला पोचली, आणि शिवाजीरावांचा फोन आला. माणूस व्यापारी, हिशेबाला पक्का.

"पाव्हणे, राग मानू नका," ते म्हणाले. "एक तर तुमच्यामागं हरिओमरावांपेक्षा मोठा माणूस हाये, अन् तुम्ही तो आमच्यापासून झाकून राह्यले. न्हाई तर पोलीस असंच सोडतात. मंग हरिओमराव कशाला पाहिजे? दोन्हीपैकी कोणतं ते ठरलं की साखरपुड्याचं बघू."

त्या संध्याकाळी स्वरा बापाजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते. "बाबा, कोणाचं तरी नाव सांगून टाका ना," ती म्हणाली. "खोटं का होईना. तुमचं खरं कोणाच्या कामाचं आहे?"

जगन्नाथरावांनी तिला पाणी आणून दिलं. मुलीवर त्यांचा जीव होता.

तोडगा शेवटी हरिओमरावांनीच काढला, आणि तो इतका सरळ होता की आधी का सुचला नाही याचं सर्वांना नवल वाटलं. ज्या रस्त्यावर इज्जत गेली, त्याच रस्त्यावर ती परत आणायची. शिवाजीरावांना बदनापूरला मोसंबीची बाग दाखवायला न्यायचं. येताना त्याच ठिकाणी, त्याच वेळी, तशीच गाडी जोरात हाणायची. पोलीस धरतील. हरिओमराव साहेबांना फोन लावतील. पोलीस सोडतील. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत सगळं बराबर होईल.

"पण त्या टायमाला तिथं..." जगन्नाथराव म्हणाले.

"आता मोडता घालू नका," शरयूबाई म्हणाल्या. "पोरीकडं बघा."

ठरल्याप्रमाणे बाग पाहून झाली. परतताना शिवाजीराव पुढे बसले आणि हरिओमराव मागे, मोबाइल हातात धरून.

"दाजी, जरा दाबा," हरिओमराव म्हणाले.

जगन्नाथरावांनी दाबलं.

"अजून दाबा. एवढ्यावर कोणी धरत न्हाई."

शिवाजीराव खूश होते. गाडीचं इंजिन चांगलं आहे, असं त्यांनी मोकळ्या मनानं बोलून दाखवलं. या वेळी भारा जगन्नाथरावांना लांबूनच दिसला. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी फरफटत बाजूला गेली, आणि आरशात पाहिलं तेव्हा रस्त्यावर हिरवं गवत सांडलं होतं. त्या गवतात कोणीतरी बसलं होतं. धक्का लागला होता की बाई नुसतीच घाबरून पडली होती, ते कळायला मार्ग नव्हता.

"काय झालं?" शिवाजीरावांनी विचारलं.

"काही न्हाई, गवत हाये," हरिओमराव म्हणाले.

जगन्नाथरावांनी दार उघडायला हात नेला. मागून हरिओमरावांनी त्यांचा खांदा धरला. "दाजी, खाली उतरायचं न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "उतरलं की माणूस हलका होतो."

जगन्नाथराव बसून राहिले. याची लाज त्यांना नंतर नव्हे, तिथेच वाटली.

संघपाल हवालदार धावतच आले. त्यांनी जगन्नाथरावांना ओळखलं, काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या खिडकीतून मोबाइल बाहेर आला.

"हे घ्या. साहेबांशी बोला."

हवालदारानं मोबाइल कानाला लावला. ते जगन्नाथरावांच्या मागच्याच खिडकीशी वाकले होते आणि हरिओमरावांच्या मोबाइलचा आवाज मोठा होता. त्यामुळे पलीकडची बाई काय म्हणते आहे ते जगन्नाथरावांना स्वच्छ ऐकू आलं. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, असं ती अदबीनं सांगत होती. कृपया क्रमांक तपासून पाहा.

जगन्नाथरावांनी मान वळवून पाहिलं. हरिओमराव पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होते, तिथे बघण्यासारखं काही नसतानाही. इतक्या वर्षांच्या येरझाऱ्या जगन्नाथरावांना एकदम आठवल्या, आणि या माणसाचा राग यायच्या ऐवजी त्यांना त्याची कीव आली.

हवालदारानं एकदा हरिओमरावांकडे पाहिलं, एकदा मागे रस्त्याकडे. मग ते मोबाइलमध्ये म्हणाले, "हो साहेब. सोडतो साहेब." मोबाइल त्यांनी खिडकीतून आत टाकला आणि गवताच्या दिशेनं पळत सुटले. सावकाश जा, असं ते या वेळी म्हणाले नाहीत. जगन्नाथराव त्यासाठी थोडा वेळ थांबलेही होते.

"वा, हरिओमराव," शिवाजीराव म्हणाले. "पळालाच की तो."

"चला, दाजी," हरिओमराव म्हणाले. "साहेबांना उगाच तरास झाला."

साखरपुडा थाटात झाला. हरिओमरावांना पहिला फेटा बांधला. फोनची हकीकत पंगतीत पुनःपुन्हा सांगितली गेली, आणि दर खेपेला साहेब हवालदाराला थोडं अधिक झापत गेले. शेवटच्या पंगतीपर्यंत हवालदाराची बदली झाली होती. स्वरा हसत होती, तिला इतकं हसताना पाहून जगन्नाथरावांचं मन भरून आलं. तरी ते एकदा म्हणाले, "पण ती म्हातारी..." शरयूबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली, आणि त्यांनी ती खाल्ली.

जगन्नाथराव हल्ली बदनापूरहून रेल्वेनं येतात. गाडीच्या पेट्रोलचा खर्च परवडत नाही, असं ते सांगतात, आणि त्यावर सगळ्यांचा चटकन विश्वास बसतो.

आता तुम्ही विचाराल, की तो नंबर मुळात कोणाचा होता? हरिओमरावांना ते किती दिवसांपासून ठाऊक होतं? शिवाजीरावांना लग्नाआधी कळलं की नंतर? ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सर्वांनी हेच विचारलं. गिरिजाबाई गवतातून उठल्या का, हे अजून कोणी विचारलेलं नाही.