दोनच मिनिटं, पण माईकवर

घरी लग्नपत्रिका आली की माणूस आधी मुहूर्त बघतो, मग जेवण कुठं आहे ते बघतो. आमचे प्राचार्य आघाव सर मात्र खिशातून परीक्षेचं वेळापत्रक काढतात आणि पत्रिकेशेजारी ठेवतात. कॉलेजातल्या पोरीचा पेपर आणि लग्न एकाच आठवड्यात आले की म्हणतात, "देशमाने, रविवारी चांगला शर्ट घाला."

झाला माझा रविवार! मी त्यांच्या कॉलेजचा हेडक्लार्क. माझ्या नेमणूकपत्रात लग्नाला जाण्याचं कुठंही लिहिलेलं नाही, मी दोनदा काढून बघितलंय.

आमच्या बीड जिल्ह्यात मुहूर्त बारा पस्तीसचा असला तरी आधी पुढाऱ्यांचे आशीर्वाद होतात. आजी झाले, माजी झाले, इच्छुक झाले, की मग मंगलाष्टकं. तोवर मुठीतल्या अक्षतांचा घामानं भात व्हायची वेळ येते. या रांगेत आघाव सर घुसतात. "मी दोनच मिंटं घेतो," म्हणतात आणि नवऱ्या मुलाच्या बापाला हाताला धरून पुढं ओढतात.

"सूनबाईचा पेपर कवा हाय?"

त्याला काय माहीत? तो बिचारा आचाऱ्याकडं बघतो.

"सोमवारी. बसू देनार का न्हाई? मान हालवू नका, माईकवर म्हना."

चारशे माणसांपुढं नाही म्हणायची कुणाची छाती? "देऊ की," असं निघालं की सर शूटिंगवाल्याला विचारतात, "घेतलं का बे?" मग टाळ्या. आहेराच्या पाकिटातही परीक्षेचं वेळापत्रकच, वर लॅमिनेशन केलेलं. रश्शाचा हात लागला तरी पुसता यावा म्हणून.

लोकांनी धास्तीच घेतली. एका वधुपित्यानं तर सरांसाठी दुसऱ्या दिवसाची तारीख घालून वेगळी पत्रिका छापली. आम्ही पोचलो तेव्हा मांडव उतरवायचं चाललं होतं. आता शहाण्या माणसानं गप घरी यावं की नाही? छे! सर सत्यनारायणाला थेट मुलाच्या गावी. तिथं माईक नाही म्हटल्यावर मारुतीच्या देवळातला भोंगा चालू करायला लावला. रानात पाणी धरणाऱ्या माणसांनासुद्धा त्या सूनबाईचं वेळापत्रक पाठ झालं असेल.

येताना मी वैतागून म्हटलं, "सर, घरी बसून शब्द घ्या की! चांगली माणसं असतात."

"चांगलीच असत्यात, देशमाने. पर घरातला शब्द चहाबरुबर पोटात जातो. मंग कुनालाच आठवत न्हाई."

मी हात टेकले.

मग आलं सुवर्णाचं लग्न. युसूफ वडगावची पोरगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, गणितात नुसती आग. तिच्या उत्तरपत्रिका सर भेटेल त्याला दाखवायचे, अगदी ज्याला बेरीज येत नाही त्यालाही. बाकी पेपर झाले होते, गणिताचा तेवढा राहिला होता. लग्न रविवारी, पेपर गुरुवारी, आणि सासर आष्टीला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. हा पेपर हुकला की डिग्री गेलीच. पुन्हा कोण तिला एवढ्या लांबून आणणार होतं?

तिचे सासरे दादाराव पक्के निघाले. सरांनी माईक पुढं केला तर त्यांनी दोन्ही हात मागं बांधले.

"घरात बोलू की, सर. शब्द हाय माझा."

"मंग हितंच द्या."

"माईकवर कशाला? आमी काय चोर हाव का?"

सर हलेनात. भटजी घड्याळ बघायला लागले. सुवर्णा मुंडावळ्यांतून एकदा सासऱ्याकडं बघायची, एकदा सरांकडं. माझी तर मान वर होईना. वाटलं, आज मार खातोय आपण. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "दादाराव, म्हना की एकदाचं! भात गार व्हायलाय!"

"म्हना, म्हना!" सगळा मांडव उठला. पोटात भूक असली की माणूस स्त्रीशिक्षणाच्या बाजूनं लगेच होतो. दादारावांनी माईक हिसकावला आणि ओरडले, "बसंल पेपरला! मी सोता आनीन! झालं?"

"घेतलं का बे?" सरांनी विचारलं.

गुरुवारी दहाला पेपर. साडेदहानंतर आत घेत नाहीत. सर नऊपासून फाटकात उभे. दहा वाजले. सव्वादहा झाले. मी म्हटलं, "सर, आत चला, ऊन लागंल." ते नुसतं रस्त्याकडं बघत राहिले. मग मीही त्यांच्याशेजारी उभा राहून रस्त्याकडं बघायला लागलो. आपण इतके दिवस थट्टा केली, पण ही पोरगी आली पाहिजे बाबा, असं मी मनापासून म्हटलं.

दहा पंचवीसला जीप आली. हातभर हिरवा चुडा भरलेली सुवर्णा उतरली आणि शालू सावरत वर्गाकडं पळाली. मागून दादाराव उतरले, तोंड आंबट करून.

"सर, काय करून ठिवलं हो! माझा व्हिडिओ आख्ख्या आष्टीत फिरायलाय. दाढी कराया बसलो तर न्हावी इचारतो, सूनबाईचा पेपर कवा हाय?"

मला हसू आवरेना. सर मात्र हसले नाहीत. दादारावांचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले, क्षणभर धरून ठेवले आणि केबिनमध्ये गेले. मी सहीचे कागद घेऊन मागोमाग गेलो, तर ते फोनवर होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो.

"सुने, आली गं ती पोरगी. बसली पेपरला."

सुनंदा म्हणजे सरांची थोरली लेक. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना चांगलं स्थळ आलं म्हणून दिली. व्याह्यांनी बैठकीत शब्द दिला होता, पोरीला पुढं शिकवू. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. तिचं शिकणं तिथंच थांबलं.

"कंचा पेपर हाय, बाबा?"

"गणिताचा."

मग ती म्हणाली, "चांगला जाईल तिला. गणित काय अवघड न्हाई, बाबा. मला लई आवडायचं."

फोन बंद झाला तरी सर तो कानालाच धरून बसले होते. मला इतकं वाईट वाटलं की कागद पुढं करवेनात.

"देशमाने, तुमी व्हता ना सुनीच्या लग्नात?"

"होतो की, सर."

"माईक माझ्याच हातात व्हता. पाऊन घंटा. मांडववाल्याचे आभार मानले, आचाऱ्याचे मानले, पुढाऱ्यांची तर नावं घेऊन मानले." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "व्याही शेजारीच उभे व्हते हो. त्यांला तेवढं इचारायचं राह्यलं."