चौथ्यांदा वाजलेला भोंगा

"रगत आलंय का? न्हाय? मग हळू रड की."

सना लहानपणी पडली, की मागांच्या खडखडाटातून अब्बांचा हा आवाज यायचा. अब्बा, म्हणजे मौलाली जॉबर, अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात तीस वर्षं मागांची दुखणीखुपणी काढत होते. आता त्याच मागांवर सनानं सेन्सर बसवले होते. सेन्सरचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावून सांगणारा ड्रायव्हर तिनंच लिहिला होता. तिचं पहिलंवहिलं काम.

ड्रायव्हरच्या प्रत्येक निरोपाला पायरी द्यावी लागते: नुसती नोंद, इशारा, आणीबाणी. एखादा निरोप नजरेआड झाला तर बोल आपल्याला लागेल, या धास्तीनं सनानं सरसकट आणीबाणी लावली. आणीबाणी आली की भोंगा वाजणार. आणि कारखान्यात भोंगा एकच होता, जेवणाच्या सुट्टीचा.

सकाळी सव्वाआठला एका मागावरची सुताची कांडी संपत आली. भोंगा वाजला. कांड्या भरणाऱ्या जगदेवीनं हात धुऊन डबा सोडला.

"आज लई लवकर?" शेजारणीनं विचारलं.

"मालकाला दया आली आसंल. खा गुमान."

नऊला धागा तुटला. पुन्हा भोंगा, पुन्हा भाकरी-चटणी. दहाला सेन्सरवर कापसाची भुकटी बसली, तेव्हा डब्यांचे तळ दिसले. अकराला मात्र खरोखरच एका मोटारीतून धूर निघाला. भोंगा बोंबलत राहिला, जागचं कुणी हललं नाही.

"आता पोटात जागा न्हाय बाई," जगदेवी म्हणाली.

वासावरून अब्बाच धावले आणि त्यांनी खटका पाडला.

"सना, संध्याकाळपर्यंत ह्याला वळण लाव," मालक महेश्वर म्हणाले, "न्हायतर उद्या समदं उतरवतो."

सना सुताच्या पोत्यावर लॅपटॉप घेऊन बसली. डोळे भरलेले. अब्बा शेजारी टेकले. "वाच एकेक."

"कांडी संपत आली."

"लिवून ठिव."

"धागा तुटला."

"नुसता दिवा लाव. मागवाला बघतो की."

"मोटार तापली."

"हितं भोंगा. आन् जेवणाचा न्हाय, येगळा."

संध्याकाळी महेश्वर तासभर उभे राहिले. कांड्या संपल्या, धागे तुटले, दिवे लुकलुकले, भोंगा गप्प. "ऱ्हाऊ दे हे," म्हणून ते गेले.

सना हसत आवराआवर करू लागली. अब्बा उठले नाहीत.

"बेटा, डाव्या डोळ्यानं धागाच दिसंना झाला, तर ते कुटल्या पायरीवर टाकायचं?"

तिचा हात थांबला. "कधीपासून, अब्बा?"

"रमजानच्या आदीपासून," ते हळूच म्हणाले. "मी आपली नुसती नोंद धरली हुती."