ट्रामवाल्याचं गाणं का थांबलं

माणूस बदलतो, आणि बदलला की त्याला कारण असतं. ते सापडेपर्यंत माणसाकडे लक्ष देऊ नये, असा आमच्या ब्वेनोस आयरेसचा शिरस्ता आहे. आमच्या गल्लीत एक खाटीक, दोन बेकऱ्या आणि एकेचाळीस मनोविश्लेषक आहेत. त्यांतले चाळीस एकमेकांकडे उपचाराला जातात. (एकेचाळिसाव्यांना जिना चढवत नाही, ते स्वतःशीच बोलतात आणि पन्नास मिनिटं झाली की स्वतःला थांबवतात.)

अशा सुजाण गल्लीत आमचं चित्रपट मंडळ आहे, आणि मी त्याचा चिटणीस. यंदा मंडळाने एकच चित्रपट घेतला. त्यात एव्हारिस्तो नावाचा ट्रामवाला आहे. तो गातो. वाटेत कुणी म्हातारी हात करील तिथे ट्राम थांबवतो. मग अपघात होतो. त्यानंतर तो गात नाही, आणि थांबा आला तरी थांबत नाही. का? या प्रश्नावर एकोणीस गुरुवार गेले.

मतदान असं झालं: आईमुळे, अकरा. वडिलांमुळे, सहा. अपघातामुळे, एक. (हे मत देणारे न्हावी बासिलियो यांना, त्यांचा अभ्यास कमी पडतो, असं प्रेमाने कळवण्यात आलं.) चित्रपटात आई कुठेच दिसत नाही. तिचा पगडा किती खोल होता, याला आणखी काय पुरावा हवा?

आमचा प्रोजेक्टर ओरेस्ते चालवायचा. रीळ फिरे, तशी त्याची शीळ फिरे. अंधाऱ्या ओसरीवर कुणी पणती ठेवावी तशी. मार्चमध्ये त्याची बायको नेलिदा गेली. शीळही गेली. (मंडळाला हे बरंच पडलं. संवाद स्वच्छ ऐकू येऊ लागले.)

दहाव्या गुरुवारी, चर्चा अगदी आईपाशी आलेली असताना, ओरेस्ते दारात येऊन उभा राहिला.

"रविवारी कुणी जेवायला येता का? सारण भरलेल्या रव्हियोली असतात, उकळत्या पाण्यात सोडायच्या. दुकानात गेलो की तोंडातून 'चौघांपुरत्या द्या' असंच निघतं. सवय हो. मग एकट्यापुढे तो डोंगर... घास उतरत नाही."

दुसऱ्या एखाद्या अडाणी गावात दोघं लगेच निघाले असते, तिसऱ्याने वाइन घेतली असती. आमच्या मनोविश्लेषक डॉक्टर लेओनोर बाईंनी कडू चहाचा तुंबा खाली ठेवला.

"चौघंच का, ओरेस्ते? तुम्ही दोघं, मग उरलेले दोघं कोण?"

"जे येतील ते, बाई."

"वा!" बाई म्हणाल्या. सोळा वह्या उघडल्या.

"पण येताय ना?"

"हे विचारताना तुमच्या मनात काय येतं?"

"पाणी उकळत ठेवू की नको, ते."

हे उत्तर फार गाजलं. नुसत्या उकळत्या पाण्यावर तीन गुरुवार चर्चा झाली. (पाणी म्हणजे आई. उकळणं म्हणजे वडील.) बासिलियो तेवढे खुर्चीतून अर्धे उठले होते, पण पन्नास मिनिटं भरली होती. "आज इथेच थांबू," असं बाई म्हणाल्या, आणि इथेच थांबू म्हटल्यावर आमच्याकडे कुणी पुढे पाऊल टाकत नाही.

ओरेस्ते पुढचे आठ गुरुवार विचारत राहिला. एकोणिसाव्या गुरुवारी त्याने विचारलं नाही. मध्यंतर आलं, तरी तो थांबला नाही. दिवे न लावता त्याने चित्रपट शेवटापर्यंत सरळ पळवला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि टोपी घालून निघून गेला.

मंडळाने नोंद घेतली: "ऑपरेटरच्या स्वभावात बदल. या विषयावर चित्रपट निघाल्यास अवश्य विचार करू."

हे सगळं लिहून मी डॉक्टर बाईंना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "किती हृद्य लिहिलंय हो!" तुम्हीही तेच म्हणाल, याची मला खात्री आहे.

रविवारी एक वाजता ओरेस्तेकडे अजून पाणी उकळतं. त्याचं दार कुठलं, ते मी लिहिलेलं नाही. इथवर वाचताना तुम्हीही ते विचारलं नाहीत.